हाड कुठं संपतं

हे लिहायचं त्याच्या मनातच नव्हतं. दोनदा फाईल उघडली, दोनदा तशीच बंद केली. यात लिहिण्यासारखं आहे काय, चूक झाली, निस्तरली, विषय संपला, असं तो स्वतःची समजूत घालत राहिला. पण विषय काही संपेना. दाढी करताना, जिना चढताना, डोळा लागता लागता तेच डोक्यात. शेवटी घेतलं लिहायला. तेही तुकड्यातुकड्यानं, कारण त्याच्या कॉम्प्युटरवर एक स्कॅन उघडायला पाऊण मिनिट लागतं आणि तेवढ्यात काय त्या चार ओळी होतात.

त्याला सगळे मोजणीदार म्हणतात. खरं नाव हॉस्पिटलात फक्त हजेरीच्या मशीनला माहीत आहे. काम काय, तर कवट्या मोजायच्या. हातात घेऊन नव्हे, सीटी स्कॅनमध्ये, स्क्रीनवर. तळमजल्यावर सीटीच्या खोलीला लागून एक जुनी फिल्म ठेवायची खोली होती. फिल्म गेल्या, वास राहिला. तिथं एक टेबल, एक कॉम्प्युटर, मागच्या दोन पायांवर झुलणारी एक खुर्ची, आणि हा.

आला होता तो रिपोर्ट टाईप करायला. मोजायचं कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघून, चुकत माकत स्वतःच शिकला. कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे कुणी चूक दाखवायचाही प्रश्न नव्हता, हे मात्र त्याला फार उशिरा कळलं.

मोजायचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काही मुलांच्या कानाची वाट जन्मतःच बंद असते. आतला कान ठणठणीत, पण आवाज आत जाणार कुठून? मग कानामागच्या हाडात एक बारीक स्क्रू बसवतात, त्यावर यंत्र अडकवतात, आणि आवाज हाडातून आत जातो. स्क्रू तीन मिलिमीटरचा. पण लहान मुलाचं हाड ते केवढं, आणि त्याच्या लगेच खाली मेंदूचं आवरण. म्हणून कानाच्या सर्जन मॅडमचा नियम होता, हाड तीन मिलिमीटर भरलं नाही तर मी हात लावणार नाही. स्क्रू बसेपर्यंत मुलं तेच यंत्र पट्ट्यानं डोक्याला बांधून फिरतात. पट्टा घट्ट बसतो, खाजतो, आणि सगळ्या वर्गाला दिसतो.

मॅडमनी साठ मुलांचे जुने स्कॅन काढून दिले आणि म्हणाल्या, "कानामागची ही जागा, प्रत्येकाची जाडी मोज. पण तू एकट्यानं मोजून चालणार नाही. दुसरा कुणीतरी हवा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं. दोघांचं जमलं की आकडा खरा."

दुसरा म्हणजे शिट्टी. सीटीच्या मशीनवरचा टेक्निशियन, मोजणीदाराचा एकुलता एक मित्र. दातांच्या फटीतून सतत शिट्टी वाजवायची सवय, पेशंट आत सरकवतानासुद्धा. मॅडमनी एकदा झापलं होतं, "अहो, लोक आधीच घाबरलेले असतात!" तेव्हापासून हळू आवाजात वाजवायचा.

"मला नाही जमायचं लेका मोजणं बिजणं," शिट्टी म्हणाला होता. "मी फोटो काढणारा माणूस."

"काही नसतं रे त्यात. मी दाखवतो ना. इथं क्लिक, तिथं क्लिक, आकडा येतो."

"आणि तुझा वेगळा आला, माझा वेगळा आला तर?"

"नाही येणार. माझी सगळी सेटिंग तुझ्या कॉम्प्युटरवर टाकून देतो. मला दिसतं तेच तुला दिसेल."

सेटिंगची फाईल पेनड्राईव्हवर घेऊन तो शिट्टीच्या कॉम्प्युटरवर टाकून आला. दोन मिनिटांचं काम. शिट्टीनं त्याबद्दल त्याला बिस्किटाचा पुडा दिला होता, तेही आठवतं.

साठ मुलं झाली. दोघांचे आकडे मॅडमच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर काय, जुळे भाऊ! कुठं एक दशांशाचा फरक, कुठं तोही नाही. मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "इतकं जुळलेलं मी कुठंच पाहिलं नाही," म्हणाल्या. दुपारी सगळ्या विभागासमोर दोघांचं कौतुक झालं. शिट्टी कानापर्यंत लाल. बाहेर आल्यावर त्याच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाला, "आपण दोघं एकाच आईच्या पोटी यायचे होतो, चुकून दोन घरी गेलो."

त्यानंतर आठवड्यानं शिट्टीच्या भाचीचा स्कॅन झाला.

भाची सात वर्षांची. उजवा कान जन्मतः बंद, डावाही यथातथाच. घरात तिचीच सत्ता चालायची म्हणून शिट्टी तिला बॉस म्हणायचा. स्कॅन मामानंच काढला, शिट्टी न वाजवता. मग मॅडम म्हणाल्या, आता तुमच्या दोघांइतकं हे कुणाला येतंय, तुम्हीच मोजा. दोघांनी मोजलं. तीन पॉइंट सात. तीन पॉइंट सात.

"बघ!" शिट्टी ओरडला. "डोकं मामावर गेलंय. जाड!"

ऑपरेशन गुरुवारचं ठरलं. बॉसनं घरी फर्मान काढलं की गुरुवारनंतर पट्टा खेळण्यातल्या अस्वलाला द्यायचा, अस्वलाला काही ऐकू येत नाही. शिट्टीची बहीण, म्हणजे ताई, खास मोजणीदाराला भेटायला त्या फिल्मच्या वासाच्या खोलीत आली. म्हणाली, "तुमच्यामुळे झालं हो दादा." तो उभा राहायला गेला आणि खुर्ची मागच्या मागे पडली. त्याला त्या वेळी काय वाटलं हे तो कुणाला सांगणार नाही, पण घरी जाताना त्यानंही शिट्टी वाजवून बघितली. जमली नाही.

आणि सोमवारी पत्र आलं.

मॅडमनी साठ मुलांचा लेख एका वैद्यकीय मासिकाकडे पाठवला होता. तिथल्या परीक्षकानं एकच शंका काढली होती. दोघांचे आकडे एकमेकांशी जुळतात हे उत्तम, पण ते हाडाशी जुळतात का? एखादी खरी कवटी स्कॅन करून पाहिली आहे का?

"घ्या!" शिट्टी म्हणाला. "आता याला कवटी कुठून आणून द्यायची?"

कवटी मिळणं अवघड नव्हतं. वरच्या मजल्यावर हाडांची खोली होती आणि तिच्या किल्ल्या काकांकडे. काका तीस वर्षं तिथं आहेत. त्यांनी वहीत दोघांच्या सह्या घेतल्या, कपाटातून वरची टोपी कापलेली एक कवटी काढली, टॉवेलात गुंडाळली आणि बजावलं, "आजोबा आहेत हे. जपून न्या. जबड्याला धरून उचलायचं नाही, त्यांना चालत नाही." शिवाय वाकड्या पायांचा एक कॅलिपर दिला, खेकड्याच्या नांग्यांसारखा. एक पाय कवटीच्या आत, एक बाहेर, मधे हाड.

कानामागं पेन्सिलीनं खूण केली, वर शिशाचा एक मणी चिकटवला म्हणजे स्कॅनमध्ये जागा सापडेल. शिट्टीनं आजोबांना मशीनमध्ये सरकवलं आणि सवयीनं म्हणाला, "हलायचं नाही हं."

कॅलिपरवर आलं तीन पॉइंट सहा.

स्क्रीनवर आलं चार पॉइंट चार.

"मणी मोजलास तू," शिट्टी म्हणाला.

"मणी सोडून मोजलंय."

"मग कॅलिपर चुकतोय. काकांच्या वयाचा आहे तो."

कॅलिपर मिटून बघितला, शून्य. एक नाणं मोजलं, शिट्टीच्या घरची किल्ली मोजली, पट्टीशी ताडलं, सगळं बरोबर. आजोबांना फिरवून दुसरी बाजू मोजली. तिथंही स्क्रीन पुढं, कॅलिपर मागं, आणि फरक जवळजवळ तेवढाच. शिट्टीनं स्वतःच्या कॉम्प्युटरवर मोजलं. चार पॉइंट चार.

"म्हणजे आपण दोघं एकीकडे आणि हाड एकीकडे," शिट्टी म्हणाला. "दोनास एक. हाड हरलं."

मोजणीदाराला हसू आलं नाही. त्याचं डोकं चालेनासं झालं होतं. हातातली वस्तू खोटी कशी असेल? पण स्क्रीन तरी खोटी कशी? दोघांनी वेगवेगळं मोजलं होतं. जमलं की आकडा खरा, असं मॅडमच म्हणाल्या होत्या. त्यानं आजोबांच्या डोळ्यांच्या खोबणीत बघितलं. त्यांनी काही सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी उलगडा झाला, तोही चुकून. आजोबांना परत करायच्या आधी शेवटचं एकदा बघावं म्हणून तो शिट्टीकडे गेला. मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनवर, जिथं शिट्टी फोटो नीट आलाय का एवढंच बघतो आणि पेनड्राईव्हवरची सेटिंग कधी टाकलीच नव्हती, तिथं आजोबा उघडलेले होते. सहज म्हणून त्यानं तिथंच क्लिक केलं.

तीन पॉइंट सहा.

तोच स्कॅन, तीच जागा, शिशाचा मणीही तोच. तो पळतच आपल्या खोलीत गेला. चार पॉइंट चार. पळत परत आला. तीन पॉइंट सहा. शिट्टी बघतच राहिला. "काय रे, शर्यत लावलीस का आजोबांशी?"

मग तो बसला आणि फक्त चित्राकडे बघत राहिला. मशीनवरचं चित्र जरा करडं, दाणेदार, हाडाच्या आतली जाळीसुद्धा दिसणारं. त्याच्या खोलीतलं चित्र स्वच्छ, गुळगुळीत, पांढरंशुभ्र. दोन वर्षांपूर्वी त्यानंच ते तसं करून ठेवलं होतं. स्कॅनमध्ये उजेड कुठून कुठपर्यंत दाखवायचा हे आपल्या हातात असतं. मेंदू बघायचा तर एक उजेड, हाड बघायचं तर दुसरा. ते दाणे डोळ्यांना खुपायचे म्हणून त्यानं मेंदूचा उजेड कायमचा लावून टाकला होता. छान दिसतं म्हणून. केवळ छान दिसतं म्हणून!

दिव्याकडे थेट बघितलं की दिवा आहे त्याहून मोठा वाटतो ना, तसंच हाडाचं झालं होतं. अर्धवट पांढरं होतं तेही पूर्ण पांढरं दिसत होतं, आणि दोघं त्या फुगलेल्या पांढऱ्याच्या कडेवर क्लिक करत होते. अगदी एकमतानं. कारण सेटिंग एकच होती, पेनड्राईव्हवरून नेलेली.

त्यानं माऊस धरून उजेड हळूहळू फिरवला. हाड बारीक झालं. उलटा फिरवला, हाड जाड झालं. पुन्हा बारीक, पुन्हा जाड. श्वास घेतल्यासारखं.

"शिट्टी," तो म्हणाला, "बॉसचा स्कॅन उघड."

शिट्टीनं उघडला. हाडाच्या उजेडात मोजलं. दोन पॉइंट आठ.

शिट्टी स्क्रीनजवळ सरकला. मग म्हणाला, "परत मोज."

दोन पॉइंट आठ.

"तू कडेच्या आत क्लिक करतोयस."

"तू कर."

शिट्टीनं केलं. दोन पॉइंट आठ. नेहमीप्रमाणे जुळलं. शिट्टीनं खुर्ची मागं ढकलली, खोलीत एक फेरी मारली, परत येऊन बसला आणि स्वतः माऊस धरला. उजेड थोडा फिरवला. थोडाच. मोजलं.

"हे बघ. तीन पॉइंट एक."

"शिट्टी."

"काय शिट्टी? तूच फिरवलास ना मघाशी? मग मी फिरवला तर काय बिघडलं? इथं लिहिलंय कुठं, की खरं हाड या आकड्यावर दिसतं म्हणून? दाखव मला."

मोजणीदारानं बघितलं. खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. उजेडाच्या पट्टीवर नुसते आकडे, एकाशेजारी एक, सगळे सारखेच. इकडे हाड तीनच्या खाली, तिकडे वर. मधे कुठंतरी हाड संपत होतं, पण नक्की कुठं? त्याला वाटायचं कड म्हणजे कड, भिंतीसारखी. इथं तर करडं, अजून करडं, अजून थोडं करडं, आणि मग काळं. रेघ अशी नव्हतीच. रेघ आजवर तोच मारत आला होता.

"आजोबांचं कॅलिपरशी जुळतं तो उजेड धरायचा," तो कसाबसा म्हणाला.

"आजोबा वाळलेले आहेत! ती जिवंत पोरगी आहे!"

शिट्टीचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत. आजोबांना कातडी नाही, रक्त नाही, वय विचारलं तर काकांनाही सांगता येत नाही. त्यांच्या हाडावरून सात वर्षांच्या मुलीचं ठरवायचं म्हणजे तरी काय?

"तीन पॉइंट एक ठेवू," शिट्टी हळूच म्हणाला. "मधलं आहे. तुझं नाही, माझं नाही. लेका, तिचा अस्वलाला पट्टा बांधूनसुद्धा झालाय. ताईला मी काय सांगू? मी मोजायला शिकलो कुणाकडून? तू शिकवलंस तसं शिकलो. तुला दिसतं ते मला दिसेल म्हणालास. दिसलं!"

ते शेवटचं वाक्य मोजणीदाराला लागलं. लागलं ते खोटं होतं म्हणून नाही.

तो उठला. मॅडमच्या खोलीपर्यंत पन्नास पावलं असतील, त्यातली वीस तरी त्यानं उलटी, परतीच्या दिशेनं टाकली. पाण्याच्या कूलरपाशी उभा राहिला, तहान नसताना दोन ग्लास पाणी प्याला. मधला आकडा इतका जवळ होता. आणि खरा कुठला हे त्यालाही माहीत नव्हतं, मग मधल्याचं काय चुकलं? पण आजोबांना त्यानं हातात धरलं होतं. पेन्सिलीची खूण बोटाला लागली होती. साठ मुलांपैकी एकालाही त्यानं कधी हात लावला नव्हता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. तो अडखळला तिथं थांबल्या.

"कुणाच्या सेटिंगवर?" त्यांनी एवढंच विचारलं.

"माझ्या. त्याच्या कॉम्प्युटरवरही मीच टाकली."

"आणि तुम्ही दोघं वेगवेगळं मोजत होतात, असं मी समजत होते."

"मीही तसंच समजत होतो."

मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचाही चेहरा गोंधळल्यासारखाच होता. "चूक माझीही आहे. जुळलंय म्हणून मी खूश झाले. कशामुळे जुळलं हे विचारलं नाही." मग डायरी उघडली. "गुरुवार रद्द. एक वर्ष थांबू, हाड वाढेल. साठच्या साठ परत मोजायचे. मासिकाला मी कळवते."

"मॅडम, एक विचारू? ड्रिल करताना तुम्हाला कळलंच असतं ना, हाड संपलं ते?"

"बहुतेक वेळा कळतं."

"मग आम्ही मोजतो कशाला?"

"त्या बहुतेकमधून जो सुटतो, त्याच्यासाठी."

त्यानं मान हलवली, पण नीट समजलं नाही. दारातून परत वळला. "आणि खरं हाड? ते नक्की कुठं संपतं?"

मॅडमनी थोडा विचार केला. "खरं सांगू? स्क्रीनवर ते मलाही सांगता येणार नाही." आणि त्यांनी फोन उचलला, ताईला लावायला.

पुढचे तीन दिवस शिट्टीची शिट्टी बंद. पेशंट यायचे, जायचे, मशीन गरगरायचं, बाकी चिडीचूप. समोरासमोर आले तर शिट्टी भिंतीवरची नोटीस वाचायचा. एकच नोटीस, तीन दिवस. मोजणीदार पहिल्यापासून मोजत बसला होता. आता प्रत्येक मुलाच्या आधी तो आजोबांचा स्कॅन उघडायचा, तीन पॉइंट सहा आलं की मगच पुढचा. हे बरोबर की नुसती भीती, त्याला कळत नव्हतं. साठमधल्या अकरा मुलांचं हाड तीनच्या खाली आलं. त्या अकरांना कुणी अजून हात लावला नव्हता, एवढंच नशीब.

शुक्रवारी दुपारी खोलीचं दार ढकलून शिट्टी आत आला. झुलत्या खुर्चीत बसला, मागे कलंडता कलंडता सावरला.

"ही खुर्ची बदल रे."

"हो."

"बॉसनं विचारलं, माझं हाड चोरलं कुणी म्हणून. आधी जास्त होतं ना, मग कमी कसं झालं?"

"काय सांगितलंस?"

"मला काय सांगता येतंय? मी म्हटलं, मोजणाऱ्याला विचार." शिट्टीनं टेबलावरचा पेनड्राईव्ह उचलला, उलटसुलट केला. "पट्टा परत घेतलाय अस्वलाकडून. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ताई तुझ्यावर चिडलेली नाही. मी चिडलोय."

"माहीत आहे."

"तीन पॉइंट एक लिहायला निघालो होतो मी. माझ्याच भाचीचं." त्यानं पेनड्राईव्ह मुठीत धरला. "त्याचाच राग जास्त आहे. तुझा थोडा कमी. पण आहे."

कॉम्प्युटरवर पुढचा स्कॅन उघडत होता, वर्तुळ फिरत होतं.

"रविवारी ये घरी," शिट्टी म्हणाला. "तिला तू सांग. उजेडाचं, दिव्याचं, जे काय असेल ते. सात वर्षांची आहे, पण तिला खोटं लगेच कळतं."

"येतो. पण मलाही सगळं कळलेलं नाही, हेही सांगेन."

"सांग. आणि पुढच्या वर्षी तिचा स्कॅन होईल तेव्हा?"

मोजणीदारानं शिट्टीच्या हातातून पेनड्राईव्ह काढून घेतला आणि खणात टाकला.

"तुझी सेटिंग तू लाव, तुझ्या डोळ्यांनी, कॅलिपरशी जुळवून. मी येणार नाही दाखवायला. आधी तू मोज, कागदावर लिही, कागद मॅडमना दे. मग मी मोजेन. तुझा आकडा विचारणार नाही."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर दोन्ही आकडे जातील मॅडमकडे, आहेत तसे. मधला काढणार नाही. तू गळ्यात पडून रडलास तरी नाही. शब्द देतो."